नवी चेन, जुनी कॅसेट

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सायकलच्या दुकानात मालकांशी, दीपेश सरांशी, वाद घातला — आणि चक्क जिंकले.

करंज्याहून एक मुलगी सायकल घेऊन आली होती. विनिता. एकोणीस वर्षांची, कोळीवाड्यातली. निळी रोड बाईक, सेकंड हँड. चौदा डिसेंबरला पुण्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे, त्याआधी सायकल ठीक करून हवी. तिकडची हवा खारी, चेनच्या कड्यांत गंज आणि वाळू दोन्ही. चेनची झीज मोजायची पट्टी लावली तर ०.७५ चं टोक सरळ आत गेलं. म्हणजे चेन ताणून संपली. बदलायलाच हवी.

सर गल्ल्यावरूनच म्हणाले, कॅसेटपण बदल, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा अख्खा संच. ते प्रत्येकाला हेच सांगतात. इथे कामाला लागल्यापासून दीड वर्षात कॅसेटशिवाय नुसती चेन विकलेली मी पाहिली नाही. मला ते पटत नाही. माणूस आपल्यावर विश्वास टाकून येतो, त्याला लागत नसलेली वस्तू का विकायची?

मी मागच्या चाकाचे दाते दिव्याखाली एक-एक करून बघितले. मधल्या दोन चकत्यांचे दाते जरा टोकदार वाटले. बाकी छान. विनिताला सांगितलं, कॅसेट अजून चालेल, उगाच खर्च करू नकोस. तिचा चेहरा असा उजळला! तसंही तिच्या मापाची कॅसेट दुकानात नाही, मागवायला दोन आठवडे. तेवढे दिवस सराव बुडाला असता.

सर म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या जबाबदारीवर."

हो, माझ्याच. मला आवडतं ते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवी चेन बसवली. जुनीच्या बरोबरीने ठेवून कड्या मोजल्या, तोडली, लॉक लावलं, गिअर जुळवले. स्टँडवर अकराही गिअर लोण्यासारखे फिरले. विनिता म्हणाली, "ताई, आवाजच नाय येत." खूश होऊन गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. आईने माझे हात शेजारच्या काकूंना दाखवले. म्हणाली, "बग, ही आमची बीएस्सी. घरातली पयली. नखं बगून पोरगा पळून जाईल." काकू हसून हसून बेजार. मीही हसले. हात खरंच काळे आहेत. लिंबू लावलं तरी जात नाही.

आईला अजून वाटतं की मी सिडकोत किंवा बँकेत चिकटेन. मी तिला सांगत नाही, पण मला हे काम चांगलं करायचंय. एवढं चांगलं की लोकांनी म्हणावं, तिथे जा, ती मुलगी खोटं सांगत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विनिता पडली.

तिचे वडील, काळूराम काका, त्यांचा दुकानात फोन आला. चिरनेरच्या पुढे चढावर उभी राहून पेडल मारत होती. तोल गेला, डांबरावर आपटली. गळ्याखालचं हाड मोडलं. मागून कंटेनर येत होता, चालवणाऱ्याने वेळेत ब्रेक लावला. सहा आठवडे हात बांधलेला. चाचणी गेली.

काकांनी तक्रार केलीच नाही! हँडल वाकडं झालंय, सरळ करून द्या, एवढंच म्हणाले. आणि पोरीला गिअर टाकायची अक्कल नाही म्हणाले. तीही म्हणते म्हणे, माझंच चुकलं.

मी फोन ठेवला आणि ब्रेकच्या वायरी लावत बसले. एक वायर तीन वेळा चुकीची कापली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काका सायकल टेम्पोत घालून घेऊन आले आणि बाजारात काही काम होतं म्हणून गेले. हँडल सरळ केलं. मग स्टँडवर पेडल फिरवलं. अकराही गिअर लोण्यासारखे. क्षणभर वाटलं, सुटले!

पण स्टँडवर जोर कुठे असतो. सायकल खाली उतरवली, दुकानामागे पुलाकडे जाणारा चढ आहे तिथे नेली. मधला गिअर टाकला, उभी राहिले, पूर्ण वजन दिलं. तिसऱ्या पेडलला चेन उडाली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा हँडलवर बसला. पडता पडता वाचले. पुन्हा केलं. पुन्हा उडाली. त्याच दोन चकत्या, ज्यांचे दाते मला "जरा" टोकदार वाटले होते.

आता सगळं स्पष्ट आहे. जुनी चेन ताणत गेली तशी दात्यांमधली खोबणही तिच्याबरोबर ओढली गेली. दोघी एकमेकींबरोबर झिजल्या होत्या, म्हणून चालत होत्या. मी त्यावर मापातली नवी चेन घातली. ती खोबणीत बसलीच नाही, वरवर टेकून राहिली. जोर आला की दात्यावर चढून पुढच्या दात्यावर उडते. वजन सगळं पेडलवर असतं तेव्हाच.

सर दारात उभे राहून बघत होते. "कळलं?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आता गप्प बस. ती मुलगी स्वतःच म्हणतेय तिचं चुकलं. आपण कशाला अंगावर घ्यायचं? दुकान पनवेलभर बदनाम होईल."

मी म्हटलं, निदान कॅसेट तरी बदलून देऊ. सर म्हणाले, मापाची आहे कुठे? आणि फुकट का बदलली म्हणून विचारतील तेव्हा काय सांगशील?

संध्याकाळी काका आले. सायकल मीच त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "पोरी, उपकार झाले." मी मान हलवली. बस्स. मान हलवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही. मागवलेल्या कॅसेटचा माल पुढच्या आठवड्यात येणार. विनिताच्या मापाची एक माझ्या नावावर सांगून ठेवलीय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक गोष्ट मी इथेही लिहिली नव्हती. सात तारखेचं पान कोरं आहे. त्या दिवशी काही घडलं नाही म्हणून नव्हे.

सात तारखेला संध्याकाळी विनिताचा फोन आला होता. "ताई, जोर दिला की मागं कट्कट् करते." मी टायर बसवत होते, फोन खांद्याने धरलेला. मी म्हटलं, "नवीन चेन आहे, दोन-चार दिवसांत बसेल." तिने परत विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अगं हो.

चेन बसत नसते. कुठलीच चेन "बसत" नसते. मला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं. फक्त मान्य करायचं नव्हतं — कारण सरांना सांगावं लागलं असतं की तुम्ही बरोबर होतात. त्या पोरीने वेळेत सांगितलं होतं. मी तिला वाद जिंकल्याच्या तोऱ्यात गप्प केलं.

हे लिहायला दहा दिवस लागले. वहीला सांगायला दहा दिवस!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचा हात थांबला नाही. चेन, कॅसेट तिला काही कळलं नसेल, पण उरलेलं कळलं. म्हणाली, "म्हंजे पोर पडली तुज्यामुलं, आन् बापाचं बोलनं खातंय ती?"

मी हो म्हटलं.

"मग बीएस्सी कशाला केलीस? गप बसाला आमी व्हतूच की."

मला वाढलं आणि स्वतः नंतर जेवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माल आला. विनिताची कॅसेट पिशवीत घातली. सरांना सांगितलं, उद्या करंज्याला जातेय, कॅसेट बदलून देणार, खरं काय ते सांगणार.

सर बराच वेळ पावत्या चाळत राहिले. मग म्हणाले, "जा. दुकानाचं नाव घेऊ नकोस."

मी म्हटलं, सर, सायकल त्यांनी आपल्याच दुकानात आणली होती. त्यांना नाव माहीतच आहे. तेव्हा ते हसले, पण नीट हसले नाहीत. म्हणाले, "मी त्या दिवशीच हट्ट धरायला हवा होता. तू इतक्या खात्रीने बोलत होतीस." सर असं बोलतील वाटलं नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने उरण, तिथून रिक्षा. पिशवीत कॅसेट, चाक उघडायची हत्यारं, आईने दिलेले चार नारळ. वाटेभर वाक्यं पाठ केली. एकही उपयोगी पडलं नाही.

विनिता ओट्यावर बसली होती, उजवा हात झोळीत, डाव्या हाताने सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलत होती. मला बघून उठायला लागली. काका आतून आले, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच बोलले. नाहीतर बोलले नसते.

सगळं सांगितलं. कॅसेट झिजली होती, सर बदल म्हणाले होते, मी नको म्हटलं. चेन त्यामुळे उडाली. गिअर टाकण्यात हिची काही चूक नव्हती. फोन केला होता तेव्हाही मीच खोटं सांगितलं. बारा तारखेला मला कळलं होतं, तरी सायकल तशीच परत दिली.

काका माझ्याकडे नाही, विनिताकडे बघत राहिले. मग खाली.

विनिता म्हणाली, "ताई, ती कट्कट् मना ऐकू येत व्हती. तुमी बोललात बसंल. मग मना वाटलं, मनाच काय कलत नाय."

एवढंच. रागावली नाही.

मी पिशवी उघडली. म्हटलं, सायकल कुठेय, आत्ता बदलते, पुढच्या वर्षीच्या चाचणीला तरी —

काका म्हणाले, "सायकल इकली, पोरी. बेस्तरवारी. हीच बोलली, नको मना आता."

मग विनिताला "विनू" म्हणाले, आणखी काही म्हणायचं होतं, पण उठून होडीकडे निघून गेले. इतक्या उन्हात होडीकडे काय काम असणार.

मी रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं. इतका वेळ मी फक्त माझ्याच चुकीबद्दल बोलत होते. सायकल विकली म्हणजे तीच चेन, तीच कॅसेट कोणीतरी चालवतंय. रिक्षा थांबवली, पळत मागे गेले. कोणी घेतली? द्रोणागिरीचा एक माणूस, मोबाईलवर फोटो बघून आला होता, गाडीत टाकून घेऊन गेला. नाव आठवत नाही. नंबर विनिताच्या फोनमध्ये असेल, पण कोणता ते शोधावं लागेल — जाहिरात बघून पंधरा-वीस जणांनी फोन केले होते.

विनिता एका हाताने फोन चाळायला लागली. म्हणाली, "मी शोदते. एकेकाला इचारते. तुमी जावा, एसटी जाईल."

कॅसेट पिशवीतच परत आली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊ वाजता विनिताचा मेसेज. नंबर सापडला. दुकानाबाहेर उभी राहून फोन लावला.

माणूस सभ्य होता. मी कोण, कुठून बोलतेय, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, काहीही झालं तरी आज सायकल चालवू नका, मी येऊन कॅसेट बदलून देते. तो म्हणाला, "मी नाही चालवत. मुलीला घेतलीय, रंजिताला. काल पडली ती. थोडक्यात निभावलं, पण मी तिलाच ओरडलो."

मी म्हटलं, तिला फोन द्या.