न वाचलेलं परिशिष्ट

२७ मार्च २००५, रविवार

लंडनचं पत्र आलं. पीएच.डी.ला प्रवेश, फी माफ, राहण्या-खाण्याची सोय. मद्रासच्या संस्थेनं फेब्रुवारीतच घेतलंय. विषय दोन्हीकडे तोच — गणिती वित्तशास्त्र, बाजारातल्या किमती कशा हलतात त्याचं गणित. पंधरा एप्रिलपर्यंत एकाला हो कळवायचं. त्यात ठरवायचं काय? लंडन कुठं आणि मद्रास कुठं. मद्रासला ज्या मॅडम मार्गदर्शक असतील, त्यांचं पत्र साध्या पोस्टानं, खाकी पाकिटात. असल्या पाकिटातून कुणी संशोधनाला जातं का!

बाबांनी तासाभरात अख्ख्या अंबडला सांगितलं.

२९ मार्च

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उषाबाईंनी विचारलं, म्हणजे शेअर बाजाराची डॉक्टर का, मग कोणता शेअर घेऊ? प्राचार्य म्हणाले, एवढ्या लांब कशाला, माझ्या ओळखीचा गाइड आहे, दोन वर्षांत करून देतो. करून देतो — जणू ब्लाउज शिवायचाय. पाच वर्षं रोज अंबडहून एसटीनं जालन्याला येऊन मी या माणसांत बसते. तासिका तत्त्वावर. आता सुटले.

३१ मार्च

पुंजाराम आल्ता. जयंती मंडळाचा अध्यक्ष, एरवी बियाणाच्या कंपनीचा एजंट. १४ एप्रिलला विहारात माझा सत्कार. बॅनरचा मजकूर दाखवला — ‘कु. बेबीनंदा हिचे लंडन येथे फायनान्स गणितात डॉक्टर झाल्याबद्दल अभिनंदन’. म्हटलं, अजून गेलेसुद्धा नाही. तर म्हणे, जाणारच की, बॅनर काय दोनदा छापायचं? खाली त्याचा स्वतःचा फोटो. माझ्यापेक्षा मोठा.

३ एप्रिल, रविवार

बाबा मागंच लागले म्हणून काकासाहेब सरांकडे गेले. बी.एस्सी.ला मला गणित शिकवायचे, आता निवृत्त. ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडलेली माझी सिद्धता बघायला मागितली. बारा पानं, पूर्ण माझी स्वतःची. तिच्याच जोरावर लंडननं घेतलं. ठेवून आले. सरांना काय कळणार त्यातलं. टरफलं पडतील पानांवर, बस.

६ एप्रिल

संध्याकाळी उतरले तर स्टँडवर सर उभे. हातात पानांची सुरळी. सातव्या पानावर पेन्सिलीची एक रेघ.

“बेबीनंदा, इथं सरासरी आणि लिमिट यांची अदलाबदल केलीस. चालती का?”

चालते सर, सगळेच करतात, मी म्हणाले. जेवढी तुच्छता आवाजात आणता येईल तेवढी आणली. त्यांच्या लक्षातही आली नाही.

“समज, लॉटरी. शंभरात एकाला शंभर रुपये. सरासरी एक रुपया. हजारात एकाला हजार, तरी सरासरी एकच. लाखात एकाला लाख. वाढवत ने असंच. बक्षीस लागायचा चान्स शून्यावर जाऊन राह्यला, हातात काहीच पडंना. आणि तुझी सरासरी मात्र एक रुपयाच दाखवून राह्यली. कुठून आला तो रुपया?”

पानं त्यांच्या हातातून घेतली आणि तडक घरी आले.

७ एप्रिल

चूक आहे. सहा वेळा तपासलं. सातवं पान पडलं की पुढची पाचही पडतात. दिवसभर राग आला तो सरांचाच. शेंगा फोडत बसायला काय झालं होतं त्यांना?

८ एप्रिल

न सांगता गेले तर? पण अंबडमधल्या एका म्हाताऱ्याला तीन दिवसांत सापडली, ती लंडनला सापडणार नाही? नवीन जालन्याच्या सायबर कॅफेत बसून दोन्हीकडे कळवून टाकलं — चूक कुठं आहे, कशी झाली. दोन्ही प्रवेश जातील. घरी बोलले नाही.

११ एप्रिल

लंडनचं उत्तर. चार ओळी. मनाला लावून घेऊ नका, निवड गुणपत्रिका आणि शिफारसपत्रांवर झाली, परिशिष्ट समितीतल्या कुणी वाचलेलं नव्हतं, सप्टेंबरात भेटू.

सुटले म्हणायचं. पण कॅफेतून उठवेना. ज्यांच्या जिवावर मी पंधरा दिवस सगळ्यांना मूर्खात काढत होते, त्यांनी मला वाचलंच नव्हतं.

१२ एप्रिल

घरी फोन वाजला. माय हाका मारायला लागली, कोणी बाई इंग्रजीत बोलून राह्यली, जल्दी ये. मद्रासच्या मॅडम. त्यांनी बाराही पानं फेब्रुवारीत वाचली होती. “मला ही चूक दिसली नाही,” असं सरळ म्हणाल्या. कुणी काढली विचारलं, सरांचं नाव-पत्ता लिहून घेतला. मग म्हणाल्या, ही अदलाबदल कोणत्या किमतींना चालते आणि कोणत्यांना नाही, हे शोधायला हवं, मला उत्तर माहीत नाही.

मला माहीत नाही! आमच्या स्टाफरूममध्ये पाच वर्षांत हे वाक्य ऐकलेलं नाही. माझ्या तोंडूनही नाही.

१३ एप्रिल

बॅनर लागलं. जांबहून साळूआत्या आली, बाबांनी खास बोलावलं. आता मद्रास म्हणू कोणत्या तोंडानं? सरांना मात्र दोन्ही उत्तरं सांगून आले.

१४ एप्रिल

सकाळी वंदना झाली, मग सत्कार. पुंजारामनं माइकवर लंडनचं नाव अकरा वेळा घेतलं. मी शाल घेतली, हसले, बसले. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

दुपारी जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, “त्या लोकांनी वाचलंच न्हाई म्हणे?” सरांनीच सांगितलं असणार. मी मान हलवली.

“मी चौतीस वर्षं प्राथमिकला वह्या तपासल्या. कंटाळा आला का न वाचताच बरोबरची खूण करायचो. पोरगं खुश, बाप खुश. कोणी विचारलं न्हाई कधी.” मग म्हणाले, “तसली खूण घेऊन नको जाऊ.”

बॅनरचं काय, विचारलं. म्हणाले, पुंजारामला मी सांगतो. तोंड धुऊन लगेच बाहेर पडले.

१५ एप्रिल

मद्रासला हो. लंडनला नाही. दहा मिनिटांत झालं.

घरी येऊन कपाटातून प्रथम वर्षाच्या चाचणीचे पेपर काढले. ब्याण्णव. गुण मीच दिलेत मागच्या महिन्यात, अक्षरं बघून. आज वाचतेय. अकराव्या पेपरात चौथ्या प्रश्नाला माझं लाल शून्य. मुलीनं पुस्तकातली रीत सोडून तीन ओळींत उत्तर काढलंय. दोनदा तपासलं. बराबर आहे.