कँडीच्या पुढची पानं

न्हावरे,
९ नोव्हेंबर २००३

प्रिय दीक्षा,

उद्या सकाळच्या शिरूर–दौंड गाडीला हे पाकीट मेहमूदमामांकडे देणार आहे. आपल्या पुस्तकाचा तुझा अर्धा भाग त्यांनीच नेला होता, तसंच हेही आणून देतील. आठ महिने झाले, त्यांची गाडी दौंडहून आली की मी स्टँडवर उभा असतो आणि ते कंडक्टरची पिशवी सावरत सांगतात, "तिकडनं काय न्हाई रे." आता तर विचारायच्या आधीच सांगतात.

पुस्तक म्हणजे आपलं श्रीलंकेचं. पुण्याच्या फुटपाथवर घेतलेलं, इंग्रजी, विटेएवढं जाड. तू नर्सिंगला दौंडला गेलीस आणि दोघांना एकदम वाचता यावं म्हणून मी ते ब्लेडनं मधोमध कापलं. तू चिडली होतीस. पहिला भाग माझ्याकडे, कँडी शहरापासून पुढचा तुझ्याकडे, महिन्यानं अदलाबदल, असं ठरलेलं. ती अदलाबदल काही झाली नाही. त्यामुळं कोलंबो विमानतळावरून अनुराधापूरला कुठली बस जाते, बोधिवृक्षापाशी चपला कुठं काढायच्या, पाणी उकळून का प्यायचं, हे सगळं मला पाठ आहे. पान दोनशे बारावर गाडी कँडीच्या स्टेशनात शिरते आणि पुस्तक संपतं. कॉलेजात दोन वर्षांत वाचलं नसेल तेवढं इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन या दोनशे बारा पानांत वाचलं.

बाकीची तयारी चालू आहे. रांजणगावला कंपनीत पर्मनंट झालो नाही, पण सुपरवायझर आता रोज शिव्या देत नाही. टेम्पोची ताडपत्री शिवणाऱ्याकडून पाठीवरची सॅक शिवून घेतली. पुस्तकात लिहिलंय की निघायच्या आधी वजन घेऊन चालायची सवय करा. म्हणून सुट्टीच्या दिवशी सॅकमध्ये दहा किलो कांदा भरून कॅनॉलच्या कडेनं चालतो. पहिल्या दिवशी वस्तीवरच्या साखरबाईंनी हटकलं, "कांदा पाठीवर घेऊन कुठं रं निघालास? टेम्पो बंद हाय का?" मी श्रीलंका म्हणालो. त्यांनी तिकडचा कांद्याचा भाव विचारला. आता सगळी वस्ती मला तिकडचा भाव विचारते.

पासपोर्टचं मात्र अवघड झालं होतं. फॉर्मवर गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांची नावं लागतात. एक मेहमूदमामांचं टाकलं. दुसरं कुणाचं टाकावं सुचेना, प्रतिष्ठित म्हटल्यावर डोळ्यांसमोर एकच माणूस आला. मी तुझ्या वडलांचं, गुरुजींचं नाव लिहून टाकलं. विचारलं नाही. ज्याच्या पोराचा दात आपण पाडलाय त्याला कुठल्या तोंडानं विचारणार? पोलीस चौकशीला येतील आणि थेट गुरुजींच्या ओट्यावर बसतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते बसले. मलाही बोलावलं. वर्तन कसं आहे म्हणून पोलिसानं विचारल्यावर गुरुजींनी चष्मा पुसला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रागीट हाय. खोटारडा न्हाई." आणि सही केली. पोलीस गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "एक कागद तुझा लिहायचा राहिलाय."

कुठला ते तुला माहीत आहे. मी तुला पुस्तकात घालून पाठवलेली चिठ्ठी सतीशच्या हाती लागली आणि त्यानं ती कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली, हे खरं. त्याचा दात पाडला तेव्हा तो तुझा भाऊ आहे हे मला दिसलं नाही, हेही खरं. प्रिन्सिपल म्हणाले होते, माफी लिहून दे आणि वर्गात बस. मी तो कोरा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि कॉलेजातून निघून आलो. घरी पोचेपर्यंत मला आपण फार मोठं काहीतरी केलंय असं वाटत होतं.

मागच्या रविवारी तो कागद लिहिला आणि सतीशच्या हातात नेऊन दिला. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, "पुढचा दात होता, ते लिवलं न्हाईस." मी तिथंच त्याच्या पेनानं 'पुढचा' घातलं. मग त्यानं चहा सांगितला.

चहा झाल्यावर मी गुरुजींना तुझ्याबद्दल विचारलं. सरळच विचारलं. ते म्हणाले, "मला कशाला? तिला विचार." म्हणून हे पत्र.

पाकिटात पासपोर्टचा कोरा फॉर्म आहे. तुझं नाव, पत्ता, जन्मतारीख मी पेन्सिलीनं भरलंय, चुकलं असेल तर खोड. पतीचं नाव हा रकाना सोडलाय. तो रिकामा ठेवला तरी फॉर्म चालतो, पुण्याच्या ऑफिसात विचारून आलोय. रकाना तसाच रिकामा ठेवून फॉर्म पाठवणार असशील तर मेहमूदमामांना निरोप दे, मी माझी दोनशे बारा पानं पाठवून देतो. पुस्तक पूर्ण घेऊन जा, सॅकही ने, आता कांद्याचा वास जवळजवळ गेलाय. मी कुणाचा दात पाडणार नाही. आणि त्या रकान्यात माझं नाव लिहावंसं वाटलं, तर फॉर्म तुझ्याजवळच राहू दे, घाई नाही. फक्त तुझा अर्धा भाग गाडीत ठेवून दे. अजून मी तिकीट काढलेलं नाही. कँडीपर्यंत मी नेईन, पुढचा रस्ता तुला माहीत आहे.

रोज संध्याकाळी स्टँडवर असणारा,
तुझाच,
संपत