‘पौर्णिमेचं कुलूप’वर आलेले अभिप्राय

ता. ६ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पुस्तक वाचनालयात येऊन आज महिना झाला. पाच प्रती मागवायचं धाडस मला झालं नाही, दोनच मागवल्या. ग्रंथपालबाईंना लांडग्यांचा एवढा कळवळा का, असं समितीने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? तुझं नाव कुणाला सांगितलेलं नाही. मुखपृष्ठावर तू बाईचं नाव घातलंयस, त्यामुळे जो तो लेखिकाबाई, लेखिकाबाई करतो आणि मी चेहरा सरळ ठेवून शिक्के मारते. ही लेखिकाबाई म्हणजे मिशी राखणारा, एकोणपन्नास वर्षांचा गुरांचा डॉक्टर आहे, हे कळलं तर निम्म्या बायका पुस्तक परत करतील आणि उरलेल्या निम्म्या तुझा पत्ता मागतील.

तू म्हणालास तसे दाराजवळच्या वहीतले अभिप्राय जसेच्या तसे उतरवून देते.

निवृत्त इतिहास शिक्षकांनी दोन पानं भरली आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्यात खिडकीला काचा कुठून आल्या, असं त्यांनी लाल शाईत विचारलंय. किल्ल्यावरचा कुलूपवाला दर पौर्णिमेला लांडगा होतो याबद्दल त्यांची तक्रार नाही, तक्रार काचांबद्दल आहे. पुस्तक मात्र तिसऱ्यांदा नेलंय. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी लिहिलंय की नायिका वैद्याची मुलगी असूनही नवऱ्याला जी मुळी उगाळून देते, तेवढ्या मात्रेत घोडासुद्धा आडवा होईल. दातांच्या दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या मुलीला चौदावं प्रकरण वाचताना कामावरच रडू आलं. तिला पाहून रांगेत बसलेले दोन पेशंट घाबरून निघून गेले. आणि एकाने नुसतं एवढंच लिहिलंय की काहीच्या काही आहे, पुढचा भाग कधी येणार.

शेवटाबद्दल मात्र बरेच जण नाराज आहेत. बायको सात वर्षं दर पौर्णिमेला खिडकीत दिवा घेऊन बसते आणि तिच्या प्रेमाने तो कायमचा बरा होतो, हे कुणाच्या गळी उतरत नाही.

आईची तब्येत ठीक. मोतीबिंदू आता पिकला आहे, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ऑपरेशन ठरलंय. तिला वाचता येत नाही म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर मी वाचून दाखवते. वाचनालयात लोक कशावरून भांडतात ते ऐकायचंय, असं तिने म्हटलं, म्हणून सोमवारपासून तुझंच पुस्तक सुरू केलंय. तुझं नाव तिलाही सांगितलेलं नाही.

तुझ्या जनावरांना आणि स्वतःला सांभाळ. माया आहेच, पत्र लवकर लिहिलंस तर ती वाढेल.

तुझी ताई


ता. १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतिहासवाल्या गुरुजींना माझा दंडवत. काचा काढतो. मुळीच्या मात्रेबद्दल मात्र मी हटणार नाही. तीच मात्रा मी एका बैलाला दिली आहे आणि तो बैल आजही माझ्याकडे खुन्नस देऊन बघतो.

आता खरं सांगतो. आईला ते पुस्तक वाचून दाखवू नकोस. आठव्या प्रकरणापर्यंत गेली असशील तर तिथेच थांब, प्रत हरवली म्हणून सांग, काहीही सांग. नवव्या प्रकरणात कुलूपवाल्याची दोन मुलं जेवायला बसतात, बापाचं ताट रिकामं असतं, आणि आई म्हणते की तो कामावर गेलाय. धाकट्याला ठाऊक असतं की आई खोटं बोलतेय आणि तो मुकाट्याने जेवतो. ते मी किल्ल्यातलं म्हणून लिहिलं, पण ते स्वयंपाकघर कुणाचं आहे हे तुला कळलं असेलच.

बाबा गेले त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर मी बोललो होतो की हा माणूस या घरात पाहुणा होता आणि आईने जन्मभर त्याच्यावर पांघरूण घातलं. आई काहीच बोलली नाही. त्याला चार वर्षं झाली. तिने नुसतं ओरडायला हवं होतं, म्हणजे मला घरी येता आलं असतं. आता तेच पुन्हा तिला पुस्तकातून ऐकवायचं आणि तेही तुझ्या तोंडून, हे मला सहन होणार नाही.

ऑपरेशनच्या वेळी काही लागलं तर कळव. मी येईन असं म्हणवत नाही.

लोभ ठेव, मी फार लायक नसलो तरी.

तुझा टिल्लू


ता. २३ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र यायला उशीर झाला. नववं प्रकरण आदल्याच दिवशी वाचून झालं होतं.

वाचताना ते ताट, तो पाण्याचा तांब्या, दाराकडे पाठ करून बसलेली आई, सगळं मला दिसत होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. प्रकरण संपल्यावर तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग म्हणाली, आज पुरे. त्यानंतर दोन दिवस पुस्तकाचं नाव काढलं नाही, माझ्याशीही जेवढ्यास तेवढंच बोलली. मला वाटलं, आता हे पुस्तक संपलं आणि आपणही.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर खुर्ची खिडकीशी ओढून बसली आणि पुढचं वाच म्हणाली. असं करत काल शेवटचं पान झालं. शेवट ऐकून तिने मान हलवली आणि सांगितलं की हे खोटं आहे, हिने शेवट घाईत उरकलाय. मग विचारलं की लेखिकाबाईंना पत्र पाठवता येतं का. प्रकाशकाकडे पाठवलं की पोचतं, असं मी सांगितलं. तर म्हणाली, उद्या कागद घेऊन बस.

तुला एक कधी बोलले नाही. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा बाबांच्या शर्टाचे खिसे तपासायचे. मला खात्री होती की त्यांचं दुसरं घर आहे. खिशात फक्त बसची तिकिटं सापडायची. ती कुठली आहेत हेही मी कधी वाचलं नाही, भीती वाटायची. आपण दोघं एकाच घरात एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकांशी भांडायचो ते सायकलवरून.

वहीत नवा अभिप्राय आहे. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असते तेव्हा वाचणाऱ्या बसचालकाचा. त्याला माणसापेक्षा लांडगा आवडला, कारण लांडगा कारणं देत बसत नाही.

जीव लावून राहा.

तुझी ताई


ता. २६ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. आ.

सोबत आईचं पत्र. तिने सांगितलं तसं मी लिहिलं, एक शब्द माझा नाही. लिहिताना मध्ये दोनदा पाणी प्यायला उठावं लागलं, तिला नाही, मला.

ताई

— — —

लेखिकाबाई यांस,
स. न. वि. वि.

मी तुमची वाचक, खरं तर ऐकणारी. माझी मुलगी मला तुमचं पुस्तक वाचून दाखवते. माझं वय शहात्तर आहे. पुस्तक चांगलं आहे. लांडग्याच्या पायातला काटा काढताना नायिका आधी त्याच्या मानेवर हात ठेवते आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबते, ते फार आवडलं. माझा मुलगा गुरांचा डॉक्टर आहे, तो असंच करतो. ज्याने हाताने केलंय त्यालाच हे लिहिता येईल.

पण तुमच्या नायिकेची मला कीव आली नाही, राग आला. घरात दोन लेकरं आणि ही सात वर्षं खिडकीत दिवा धरून बसते. बसून काय मिळतं? मागे का नाही गेली?

माझे यजमान गिरणीत फिटर होते. दर दीड-दोन महिन्यांनी न सांगता घरातून जायचे आणि दोन दिवसांनी यायचे. लोक काय बोलायचे ते तुम्हाला लिहीत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना मी एकदा त्यांच्या मागे गेले. दोन बस बदलून ते कालव्याकाठच्या एका लॉजवर उतरले. मी अर्धा दिवस समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, मग वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, पायात बूट तसेच. झोपले नव्हते. रडत नव्हते. दारू नव्हती, बाई नव्हती. नुसता माणूस पडलेला होता. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं. मी हाक मारली नाही. परत आले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले, तोंड धुतलं आणि मुलाच्या सायकलची साखळी बसवायला घेतली. मी एकदाच डॉक्टरांचं नाव काढलं. गिरणीत कळलं तर काम जाईल, म्हणाले. तेव्हा तसंच होतं. नंतर मला आधी कळायला लागलं. बोलणं कमी व्हायचं, चहा कपात तसाच राहायचा. मग मी एक पिशवी भरून दाराशी ठेवली. धुतलेला शर्ट, टॉवेल, पोळीभाजीचा डबा. त्यांनी पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि उचलून गेले. पुढे एकवीस वर्षं मी पिशवी भरली. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. दर वेळी ते परत आले. बरे झाले नाहीत. म्हातारपणी कमी झालं, एवढंच.

तुमचा लांडगा पुन्हा माणूस होतो तेव्हा त्याच्या अंगावर काही नसतं. सात वर्षांत त्या बाईला रानाच्या वाटेवर एक शर्ट ठेवायचं सुचू नये?

आता नवव्या प्रकरणाबद्दल. मुलाला कळतं की आई खोटं बोलतेय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाला कळत नाही असं मी धरून चालले होते. जे होतं ते माझ्या माणसाचं होतं, म्हणून मी झाकलं. झाकताना मुलांना काय वाटलं ते पाहिलं नाही. सांगायला हवं होतं का, हे माझं अजून ठरत नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवावं.

चूकभूल माफ करावी. इकडे कधी येणं झालं तर घर तुमचंच समजावं.

आपली एक वाचक


ता. ४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लेखिकाबाईंना तुझं पत्र पोचलं. ते मी गोठ्याच्या पायरीवर बसून वाचलं. एका गाईचं पोट फुगलं होतं, तिचा मालक शेजारी उभा होता, आणि डॉक्टरच का रडतोय हे त्याला कळेना. गाय बरी आहे.

पुस्तक मी लिहिलंय हे तुला कुठल्या पानावर कळलं ते विचारत नाही. मला वाटतं काट्याच्या.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. सांगायला हवं होतं. तू माझ्याशी खोटं बोललीस याचा मला राग होता आणि थोडा अजून आहे. पण अकरा वर्षांच्या मला तू सांगितलं असतंस तर मी दुसऱ्याच दिवशी शाळेत कुणाला तरी सांगून बसलो असतो, आणि गिरणीत कळायला तेवढं पुरलं असतं. म्हणून तुझं चुकलं असं म्हणवत नाही. चुकलं माझं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो, त्यातला एकही शब्द खरा नव्हता. मला क्षमा कर.

आणखी एक आहे, ते ताईलाही माहीत नाही. माझाही चहा कपात राहतो. तीन वर्षं झाली. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दवाखाना बंद करून चार दिवस पडून होतो आणि वाटलं, मी बाबांसारखा पळपुटा निघालो. मग एका डॉक्टरांकडे गेलो. रोज सकाळी एक गोळी घेतो, महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून बोलतो. बराच फरक आहे. पुस्तक मी बाबांवर चिडून लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता लांडगा मला आवडायला लागला आणि का ते समजत नव्हतं. शेवटी त्याला घाईघाईने बरं केलं, कारण तो बरा झाला नाही तर माझं काय, अशी भीती वाटली. तुझं पत्र वाचून ती भीती जरा खाली बसली. बरा न होताही माणूस दर वेळी घरी येऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अठरा तारखेला दुपारच्या गाडीने येतो. ऑपरेशनला मी असेन, डोळ्यांत थेंब घालायला मीच बसेन, महिनाभर राहायच्या तयारीने येतोय. इकडचं काम शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरीणबाई बघणार आहेत.

दुसरी आवृत्ती निघतेय आणि शेवट मला नव्याने लिहायचाय. तो बरा होत नाही, परत येतो, एवढं ठरलंय. पण बाबा दोन दिवसांनी दारात आले की पहिलं काय बोलायचे, ते मला आठवतच नाही. मी नेहमी तेव्हा मागच्या खोलीत जाऊन बसायचो. तुला आठवत असेल. मला ते पुस्तकासाठी हवंय, आणि पुस्तक नसतं तरी हवं असतं.

आशीर्वाद असू दे, मी येतोच आहे घ्यायला.

तुझा टिल्लू