शनिवारचं गोल बसणं

१ फेब्रुवारी, शनि.
सकाळी नळाला पाणी आलं. मी वर टाकीपाशी, सूनबाई शुभांगी खाली मोटारीपाशी. वर महेश असायचा. सगळी सकाळ त्यात गेली. दुपारी शु.च्या आग्रहाखातर त्या आधारगटात गेलो. घरातलं माणूस गेलेल्यांसाठी असतो. सिडकोत एका संस्थेचा हॉल, लोखंडी खुर्च्या गोल मांडलेल्या. नोकरीत मीटिंगा पुष्कळ केल्या. कोणालाच काही ठरवायचं नाही अशी ही पहिलीच.
चालवणारी वैशाली. समाजकार्याची पदवी, गळ्यात ओळखपत्र. महेशपेक्षाही लहान असेल. एक लाल उशी फिरवतात. ज्याच्या हातात उशी त्याने बोलायचं. माझ्याकडे आली, पुढे दिली.
"घाई नाही हं काका. मोकळं व्हायला वेळ लागतो."
मी काय बद्धकोष्ठाचा पेशंट आहे?
मुलगा महेश गेला त्याला पाचवा महिना. त्यावर उशी काय करणार.

४ फेब्रु.
कपाट उघडलं. दुखवट्याला आलेले टॉवेल-टोप्या तशाच. टॉवेल इतके पातळ की पलीकडचं दिसतं. ज्यांनी महेशच्या ओळखीने शेंद्र्याच्या कंपनीत पोरं चिकटवली, त्यांचे सगळ्यात पातळ. शु. म्हणाली, "बाबा, देऊन टाकू या कोणाला तरी." म्हटलं, असू दे. असले टॉवेल द्यायचे तरी कोणाला.

८ फेब्रु., शनि.
शेजारी बबनराव. गंगापूरहून एस.टी.ने येतात, बायको गेली. पांढरा पायजमा, खुर्चीच्या धुळीने मागून काळा. मी उशी पुढे सरकवली तर मोठ्याने, "सायब, तापलीय का उशी? धरतच नाय तुम्ही!" सगळे हसले. वैशालीही. म्हणे दुःखाचा गट.
एक प्राध्यापक आहेत. दुःखाचे टप्पे असतात असं वाचलंय त्यांनी. दर वेळी आपण कितव्या टप्प्यावर आलो ते सांगतात. बायकोचं नाव अजून एकदाही घेतलं नाही.
शेवटी सर्वांनी हात धरून डोळे मिटायचे. मी चष्मा पुसत बसलो. मग नियम: "इथलं इथंच." म्हणजे बाहेर कोणी कोणाचं काही बोलायचं नाही. बाहेर नेण्यासारखं होतं काय? महेश असता तर दारातूनच परत फिरला असता.
घरी शु.ने विचारलं, "गेला होतात ना?" हो. "बोललात?" ऐकलं. भाजी चिरता चिरता तिने मान हलवली, मी काठावर पास झाल्यासारखी.

१५ फेब्रु., शनि.
गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. ओवी (नात, दुसरीत): "आबा, कोणता?" उजवा म्हटलं. "पण सकाळी तर डावा धरून बसला होतात." शु. नंतर गच्चीवर फोनवर बराच वेळ. मी वर गेलो तशी खाली आली.

१८ फेब्रु.
वैशाली घरी. गृहभेट म्हणतात याला. शु. कामावर, ओवी शाळेत. चहा नको, पोहे नको. पाण्याचा पेला हातात धरून सुरुवात.
"काका, तुम्ही शनिवारी आला नाहीत, शुभांगीताई फार खचल्या. पुण्याच्या नोकरीला त्यांना मार्चअखेर उत्तर द्यायचंय. पण त्या म्हणतात, बाबा असे कोणाशी न बोलता राहणार असतील तर मी नाही जाणार, आणि..." माझ्याकडे बघून थांबली. "तुम्हाला सांगितलंय ना त्यांनी?"
म्हटलं, "सांगितलंय."
इथलं इथंच. शाबास. सून याच घरात राहते, आणि बातमी मिळते ओळखपत्रवालीकडून.

१९ फेब्रु.
सरळ आहे. मी गटात गेलो नाही तर दोघी इथेच. गेलो, शहाण्यासारखा मोकळा झालो, तर दोघी पुण्याला. मला वेगळं काही करायचं नाही. नुसतं घरी बसायचं. गुडघा आहेच.

२२ फेब्रु., शनि.
घरी बसलो. शु.ने विचारलंही नाही.
संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आलं. "नाही गं ओवी, आपण कुठे जात नाही." ओवी: "मग त्या शाळेचं नाव मी पाठ कशाला केलं?"
"राहू दे पाठ. काय बिघडतं." शु.चा तो आवाज ओळखीचा. भेटायला येणाऱ्यांशी तिने महिनाभर याच आवाजात बोलणं चालवलं होतं.
मी पेपर वाचत राहिलो. कालचाच होता.

१ मार्च, शनि.
गेलो. बबनराव: "आवो सायब! आम्हाला वाटलं तुम्ही बरे झाले."
उशी आली. धरली. म्हटलं, "माझी सून नातीला घेऊन पुण्याला जाणार आहे. मला ते नको आहे. आणि हा गटही मला आवडत नाही."
टाळ्या! कशाबद्दल, देवाला ठाऊक. प्राध्यापक म्हणाले, तिसरा टप्पा. वैशालीच्या डोळ्यांत पाणी. या कामाचा पगार मिळतो हिला.
बबनरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "माझं पोरगं लई लांब हाय. जेवले का, म्हणून फोन करतं. मी म्हणतो, जेवलो. कधी जेवलेलो असतो, कधी नाय." आणि रिक्षात बसले. त्या हॉलात खरं बोलणारा एवढाच.
घरी शु.: "बोललात?" हो. "काय?" "इथलं इथंच." हसली. कित्येक दिवसांनी. मग, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."
"पुण्याचं. माहीत आहे."
शु.: "वैशाली मॅडमनी...?"
"नाही. ओवीला शाळेचं नाव पाठ आहे."
त्या वैशालीला वाचवायचं मला काही कारण नव्हतं.

८ मार्च, शनि.
पहाटेच्या गाडीने दोघी पुण्याला, शाळा बघायला. "नुसतं बघून येतो, बाबा. ठरलेलं काही नाही." ओवीने खिडकीतून माझा डावा गुडघा दाखवून हात हलवला.
आज नेमकं पाणी. मोटार लावून वर, टाकी बघून खाली, परत वर.
दुपारी हॉलवर लवकर गेलो. वॉचमनने कुलूप काढलं. कोणी आलेलं नव्हतं. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, त्यावर आठवड्याची धूळ. असल्या खुर्च्यांवर माणसांना रडायला बसवतात. पिशवीतून दुखवट्यातला एक टॉवेल काढला, एकेक खुर्ची पुसली आणि गोल मांडली. माझी दाराजवळ. टॉवेल पातळच आहे, पण धूळ निघते.