मारिवोनचा मेणाचा क्रूस

३ सप्टेंबर १९८६

मारिवोनची मागणी आज मी नाकारली. तिचे वडील १९१७ साली 'सेंत-ओद' जहाजासह बुडाले. देह मिळाला नाही. आमच्या वेसाँ बेटाच्या रीतीप्रमाणे देहाऐवजी मेणाचा लहानसा क्रूस घरात ठेवून जागरण झाले आणि त्याचेच दफन केले गेले. आता ती स्वतः मरणपंथाला लागली आहे. तिला आपला क्रूस खाली, वडिलांच्या जहाजात पोहोचवायचा आहे. "ते वर येऊ शकले नाहीत फादर, मग मीच जाते खाली." पण जिवंत माणसाचा क्रूस? असा विधी शास्त्रात नाही.

५ सप्टेंबर

सकाळी स्तोत्रे वाचताना अडखळलो. करुणेने मरणाची वाट पाहावी, असेही शास्त्रात नाही! क्रूस करून दिला. विधी केला नाही — केवळ प्रार्थना.

९ सप्टेंबर

भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळात तिचा भाचा तुग्दुअल हवेच्या टाक्या बांधून उतरला. चाळीस मीटर खाली, हाडे गोठवणारे पाणी. परतला तो क्रूस हातात घेऊनच. मेण तरंगते — आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते! मारिवोन पोट धरून हसली. "बाबाच नको म्हणताहेत. लहानपणीही मला बोटीवर चढू द्यायचे नाहीत."

१० सप्टेंबर

वादळ. चर्चमध्ये मी एकटाच.

१२ सप्टेंबर

तुग्दुअलने क्रूसाला शिसे बांधले, जहाजाच्या पोटात ठेवला. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. "फादर, ते आपलं जहाज नाही." गाळातल्या ताटांवर नॉर्वेच्या एका जहाजाचे नाव आहे. जवळजवळ सत्तर वर्षे हे बेट आपले समजून भलत्याच जहाजापुढे आदराने टोपी काढत आले.

तो विनवीत होता, मावशीला सांगू नका, सुखाने जाऊ द्या. मी शब्द दिला नाही. असत्याच्या उशीवर तिचे डोके टेकवण्याचा अधिकार मला कुणी दिला?

१३ सप्टेंबर

सांगितले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

१५ सप्टेंबर

मारिवोनने तुग्दुअलकरवी निरोप धाडला. आज तिच्या घरी जागरण आहे, त्या नॉर्वेच्या खलाशांचे. शेजारणींना सांगून झाले. मी प्रत्येकासाठी एक मेणाचा क्रूस करून घेऊन यावे. ती माणसे किती होती हे कुणालाच ठाऊक नाही, असे मी कळवले. तुग्दुअल उत्तर घेऊन आला :

"मेण संपेपर्यंत करा."