घर पुतणीला, पत्ता सगळ्यांना

मी, खाली सही करणारी, सुताराची विधवा आणि स्वतःही सुतार, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दिरांनी आणून पाहिला, चालला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या व खालचा सुतारखाना, दिरांच्या मुलीला, माझ्या पुतणीला मिळावे. वडिलांनी कितीही गळ घातली तरी तिने ते विकू नये. गेली अकरा वर्षे या सुतारखान्यात बेघर माणसे काम शिकतात आणि नोकरीच्या अर्जावर "कायमचा पत्ता" म्हणून हेच घर लिहितात. आज सहा जणांच्या नव्या नोकऱ्या या पत्त्यावर टांगलेल्या आहेत. त्यांची पत्रे घ्यावीत. कारखान्याचा माणूस येऊन "हे इथेच राहतात का?" म्हणाला, तर "हो" म्हणावे. पुतणीला खोटे बोलणे जमत नाही, म्हणून माळ्यावर गाद्या ठेवल्या आहेत. ज्याचा अर्ज चालू असेल त्याला तिथे राहू द्यावे, म्हणजे खोटे बोलावे लागणार नाही.

२. मागच्या न्हाणीघराला सकाळी कुलूप लावू नये. याचे कारण लिहिताना मला लाज वाटते. बस स्थानकाच्या जिन्याखाली राहणारी एक बाई शिकायला यायची. फळी कापण्याआधी तीनदा मोजते म्हणून आम्ही तिला फुटपट्टी म्हणतो. रोज अर्धा तास उशीर. महिनाभर मी तिला आळशी म्हणत राहिले. शेवटी ती वैतागली. "काकू, सार्वजनिक बाथरूम आठला उघडतं आणि तुमचं कामही आठलाच सुरू होतं. तशीच घामेजलेली आले तर तुम्हीच नाक मुरडाल!" न्हाणीघर उघडल्यापासून ती एकदाही उशिरा आली नाही.

३. बेघरांसाठीच्या प्रशिक्षण योजनेच्या साहेबांना भिंतीवरचा फोटो द्यावा. तीन आठवड्यांचे शिक्षण, चौदा प्रमाणपत्रे आणि मधोमध साहेब. मी विचारले, "आणि नोकरी?" तर म्हणाले, "ते आमच्या कक्षेत येत नाही." चौदांपैकी दोघे कामाला लागले. बाकीचे कुठे झोपतात ते फोटोमागे लिहिले आहे. साहेबांनी चष्मा लावून वाचावे.

४. दिरांना काही नाही. "वहिनी, रस्त्यावरची माणसं घरात घ्याल तर एक दिवस तुम्हीच रस्त्यावर याल," असे ते म्हणाले होते आणि दुरुस्तीला दिलेली आरामखुर्ची "असले हात नकोत" म्हणून परत घेऊन गेले होते. ती अजून डुगडुगते, मी बसून पाहिली आहे. ती फुकट दुरुस्त करून द्यावी, सुतारखान्यातल्या सगळ्यात नवख्या हातांनी.

५. रंधे, पटाश्या, करवती, सगळी हत्यारे फुटपट्टीला द्यायची होती. चार कारखान्यांनी तिला पत्ता नाही म्हणून परत पाठवले. पाचव्यात माझा पत्ता लिहून लागली, ती चार वर्षे टिकून आहे. पण वकील म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर मिळालेले हातचे जाते. शेजारी सही करायला तयार होते. तर ही बाई म्हणते, "मग हत्यारं राहू द्या, मी सही करते."

मी डोक्याला हात लावला. "अगं, आयुष्यभराची हत्यारं आहेत माझी!"

"रविवारी येऊन त्याच हत्यारांवर शिकवीन की. पण काकू, मला आजवर कुणी साक्षीला बोलावलं नाही. माझं म्हणणं खरं धरणार कोण होतं?"

वकिलांनी समजावले, मी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. मला तिचा अभिमान वाटतो, हे इथे लिहून ठेवते, तोंडावर सांगणार नाही. हत्यारे सुतारखान्यातच राहावीत; जो शिकत असेल त्याची.

वरील सर्व मी वाचले व दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, कामाचे टेबल
दिनांक: ११ जून

सही: काकू

साक्षीदार पहिले: वकिलांचे कारकून. पत्ता: वकिलांचे कार्यालय.

साक्षीदार दुसरी: फुटपट्टी, सुतार, दारे-खिडक्यांच्या कारखान्यात कायम. पत्ता: भाड्याची खोली, दुसरा मजला, दारावर स्वतःचे नाव.