आबांचा झोका

प्रिय अक्का,

भुसावळच्या उन्हात तुझा जीव नकोसा झाला असेल. इथे माझा संतापाने झालाय. चौथीच्या वर्गात मी शरीराच्या अवयवांची नावं फळ्यावर लिहिली, सगळ्याच अवयवांची. कपड्याआडच्या जागी कुणी हात लावला तर मोठ्याने ‘नको’ म्हणायचं, पळायचं आणि सांगायचं, एवढंच शिकवलं. पोरं थोडी खिदळली, मग शहाण्यासारखी ऐकत बसली. बोंब मारली ती मोठ्यांनी. हेडमास्तर म्हणतात, बाई, नाक-कान-डोळ्यांवर थांबायचं होतं. जणू त्याखाली पोरांना शरीरच नाही!

त्यात आखाजी, आपली माहेरवाशिणींची अक्षय्यतृतीया, तोंडावर आलेली. झुलालआबांच्या निंबाला झोका बांधला आणि दरवर्षीसारखे आबा लहान पोरींना मांडीवर घेऊन पहिला झोका द्यायला बसले. सुमनबाईंची नात माझ्याच वर्गातली. साऱ्या गल्लीदेखत ती “नको!” म्हणून ओरडली आणि पळत थेट माझ्या ओट्यावर आली. माझा पदर सोडेचना.

आबा शाळा समितीचे अध्यक्ष, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सभा. आणि बोललं कोण, तर खुद्द सुमनबाई! “पोरेसले काय भलतंच शिकाडस वं बाई? आबा देवमाणूस शे!” धडा बंद करायचा, असं ठरलं. चहा झाला, आबांची माफी मागून झाली. पोरीला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही. इतका राग आला ना अक्का, खुर्ची उचलून आपटावीशी वाटली.

मग मी विचारलं, तिने सांगितलं. तिची आई आधी रडली, मग डोळे पुसून तयार झाली. सोमवारी आम्ही अमळनेरला पोलीस ठाण्यात जातोय. गाव म्हणेल, पोर खोटं बोलते, बाईने पढवलंय.

अक्का, तू तिच्याएवढी असताना आखाजीला कडब्याच्या गंजीमागे लपायचीस. आई तुला ओढत आबांच्या याच झोक्यावर न्यायची, वर घुमी म्हणायची. लग्न झाल्यापासून तू एकदाही आखाजीला माहेरी आली नाहीस. मी आजही काही विचारत नाही. पण हा धडा मी तुझ्यामुळेच शिकवायला घेतला, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. सोमवारी आलीस तर ठाण्याच्या बाकावर त्या पोरीशेजारी बस. नाही आलीस, तरी माझा तुझ्यावर विश्वास आहे, आधीपासूनच.

तुझीच,
दिपमाला